चार वाजता आकडे का नाचतात?

‘ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, कोथरूडला राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, रोज सकाळी एक गोळी घेते. वजन ८६ किलो झालं तेव्हा वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. टिर्झेपेटाईड, आता ७.५ मिलिग्रॅम. पाच महिन्यांत ११ किलो उतरले. भूक अशी लागतच नाही. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारचा डबा बहुतेक वेळा ऑफिसातल्या मुलांना देऊन टाकते, चारला पुन्हा चहा, रात्री अर्धी भाकरी नाहीतर चार घास वरणभात. सगळे म्हणतात, छान दिसतेस. पण गेले दोन महिने डोकं चालत नाही. दुपारी चारच्या सुमाराला आकडे डोळ्यांपुढे नाचतात, हात थरथरतात, घाम येतो. जीएसटीच्या रिटर्नमध्ये दोनदा चूक झाली, माझ्याकडून असं कधी होत नाही. चिडचिड वाढलीय. कशातच मन लागत नाही. रविवारची मिसळ सोडाच, भिशीलाही जावंसं वाटत नाही. म्हातोबा टेकडी चढायचे, तीही सुटली. जाऊबाई म्हणतात, हे इंजेक्शन मेंदूवर जातं, सोडून दे आणि माझ्या आयुर्वेदिक कॅप्सूल घे. त्या घेऊन त्या दिवसभर तरतरीत असतात, चार-पाच तासांच्या झोपेवर घर सांभाळतात. सासूबाईंना इंजेक्शनचं माहीत नाही. त्यांना वाटतं, त्यांच्या हातचं मला आवडेनासं झालं. औषधामुळे माझा मेंदू बिघडतोय का? बंद करू का?’

प्रिय ताई,

इंजेक्शनचं नाव दिलंत, डोस दिलात, किलोंचा हिशेब दिलात. सकाळच्या त्या गोळीचं नाव मात्र दिलं नाहीत, आणि माझा जीव तिथेच अडकलाय. आत्ता उठा आणि पट्टीची मागची बाजू वाचा. त्यावर ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड किंवा ग्लिबेनक्लामाईड असं काही असेल, तर हे सदर बाजूला ठेवा आणि ज्यांनी ती गोळी दिली त्या डॉक्टरांना फोन करा. पुढच्या भेटीची वाट बघू नका. खालचा मजकूर रात्री वाचला तरी चालेल.

कारण सांगते. सहा वर्षांचा मधुमेह आणि रोज एकच गोळी म्हटलं की आपल्याकडे बऱ्याचदा त्या एका गोळीत दोन औषधं असतात: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड. मेटफॉर्मिनपासून या बाबतीत फारसा धोका नाही. ग्लिमेपिराईड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि तुम्ही जेवलात की नाही याची चौकशी करत नाही. तुमचं इंजेक्शन रक्तातली साखर चढलेली असते तेव्हाच इन्सुलिनला जोर देतं, त्यामुळे ते एकटं असेल तर साखर फार खाली जाणं क्वचितच घडतं. पण दोन्ही एकत्र आली, वर डबा ऑफिसातल्या मुलांच्या पोटात गेला, की दुपारपर्यंत साखर ७० च्या खाली घसरायला सगळी तयारी झालेली असते. थरथर, घाम, धडधड, चिडचिड, डोक्यातला गोंधळ ही साखर उतरल्याची अगदी ठरलेली लक्षणं आहेत. असं इंजेक्शन सुरू करताना ग्लिमेपिराईडच्या जातीची गोळी कमी करण्याचा विचार करावा, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. तुमच्या बाबतीत बहुधा असं झालं असावं की मधुमेहाचे डॉक्टर एक, इंजेक्शनवालं क्लिनिक दुसरं, आणि या दोघांमध्ये निरोप पोचवायची जबाबदारी कोणाचीच नाही. हे हल्ली फार दिसतं. क्लिनिकमध्ये वजनकाट्यावर उभं करतात, फोटो काढतात, आधीची औषधं विचारायचं राहून जातं.

मेंदू आपल्या वजनाच्या दोन टक्के असतो आणि शरीराच्या ऊर्जेचा साधारण वीस टक्के वाटा एकटा खातो, तोही मुख्यतः ग्लुकोजच्या रूपात. साखर उतरली की सगळ्यात आधी त्याचीच पंचाईत होते. एरवी अशा वेळी कडकडून भूक लागते आणि माणूस न ठरवता काहीतरी तोंडात टाकतो. तुमची भूकच औषधानं दाबलेली आहे, त्यामुळे ही खूण तुमच्याकडे मंद झालेली असू शकते. म्हणजे इशारा देणारा एक पहारेकरी कमी झालाय, हे लक्षात ठेवून वागायचं.

तेव्हा डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ग्लुकोमीटर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आकडे नाचायला लागले की अंदाज बांधत बसू नका, बोटाला टोचा. ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी वर आली नाही तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि वर आल्यावर काहीतरी खा. अशा वेळी बिस्किट किंवा चॉकलेट उपयोगाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते, आणि या इंजेक्शननं पोट आधीच हळू रिकामं होतंय. शेजारी बसणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला हे सांगून ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, १०८ ला फोन करायचा असतो, हेही तिला सांगा. आणि संध्याकाळी घरी निघताना स्कूटरला किल्ली लावण्याआधी एकदा साखर बघा. कर्वे रस्त्यावर सहा वाजता धडधाकट माणसाचीही परीक्षा असते.

मी आहारतज्ज्ञ. गोळी कमी करणं, बदलणं, थांबवणं हे माझ्या हातात नाही. ताटाबद्दल मात्र मला बोलायचा अधिकार आहे, आणि तुमच्या ताटाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

समजा, चार वाजता साखर ११० निघाली. मग काय? मग संशयित नंबर दोन म्हणजे तो परत न येणारा डबा. तुम्ही लिहिलेलं दिवसभराचं खाणं मी ढोबळमानानं जोडलं. दोन चहा, बिस्किटं, अर्धी भाकरी किंवा थोडा वरणभात. फार तर पाचशे-साडेपाचशे कॅलरी, प्रथिनं १५ ग्रॅमच्या आसपास. आता एक जुना प्रयोग सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपाशी युरोपला कसं जेवू घालायचं, हे शोधायचं होतं. त्या तरुणांना दिवसाला साधारण १६०० कॅलरी मिळत. काही आठवड्यांत ती हसरी पोरं चिडकी झाली, एकलकोंडी झाली, कशात रस घेईनात. आमचं डोकं चालत नाही, लक्ष लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. गंमत अशी की बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांत फारशी घसरण दिसली नाही. बुद्धी होती तिथेच होती. ती वापरायला लागणारी उमेद आणि चिकाटी आटली होती.

ते तरुण तुमच्यापेक्षा उंच, पुरुष, चालायला लावलेले, तेव्हा आकड्याला आकडा भिडवू नका. तरीही १६०० वर त्यांचं असं झालं, तर त्याच्या एक तृतीयांशावर तुमचं काय होणार? फरक एवढाच की त्यांना भुकेनं झोप यायची नाही, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवत बसले. तुम्हाला भूक जाणवत नाही. उपासमार तीच, फक्त तिचा आवाज बंद. आणि आवाज बंद असला की माणसाला वाटतं, आपण उपाशी नाहीच, मग हे डोक्याचं काय झालं? मग दोष थेट औषधाला.

तुमच्या ११ किलोंकडेही मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. हे औषध मधुमेह असलेल्या माणसांमध्ये तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७२ आठवड्यांनंतर सरासरी घट होती १० मिलिग्रॅमवर १२.८ टक्के आणि १५ मिलिग्रॅमवर १४.७ टक्के. तुम्ही ७.५ वर असताना, पाच महिन्यांत, जवळजवळ १३ टक्के उतरवलेत. मैत्रिणी याला कौतुक म्हणतील. मी म्हणेन, वेग जास्त आहे आणि जाऊ नये ते जातंय. या औषधांनी उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंसकट बाकीचा ऐवजही असतो. सेमाग्लुटाईड या तुमच्या औषधाच्या भावंडाच्या एका अभ्यासात शरीराची मोजणी केली तेव्हा घटीचा साधारण ४० टक्के भाग चरबी सोडून इतर गोष्टींचा होता. टेकडी सुटली ती आळसानं सुटली असं मला वाटत नाही. मांड्यांत चढायला स्नायूच कमी झाले असतील.

आणि आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच बेताची. हा शोध बाहेरून आलेला नाही, पुण्याचाच आहे. के.ई.एम. हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इथल्या बाळांपासून मोठ्यांपर्यंत दाखवून दिलं की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी असा असतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. तेव्हा वजनकाटा आपल्याला अर्धीच गोष्ट सांगतो. काटा खाली येताना स्नायू जात असतील, तर पाच वर्षांनी साखरेचं काय होईल याची काळजी आजच करायला हवी, कारण जेवणानंतरची साखर साठवायची मोठी जागा म्हणजे स्नायूच.

आता ताट. भूक लागेल तेव्हा खाईन, हे वाक्य तुमच्यापुरतं रद्द. घड्याळ बघून खायचं, औषध घेतल्यासारखं. दिवसाला प्रथिनं निदान ६० ते ८० ग्रॅम हवीत (मूत्रपिंडाचा काही त्रास नाही ना, हे डॉक्टरांकडून एकदा पक्कं करून घ्या). तुमचं पोट लहान घास घेतंय, म्हणून क्रम बदला. आधी उसळ, डाळ, अंडं, पनीर, मासा, जे चालत असेल ते. मग भाजी. भाकरी त्यानंतर. भात उरलेल्या जागेत. आपण उलटं करतो, आधी पोळीभाजी, आणि वरण शेवटी भातावर ओघळण्यापुरतं. चार घासांत पोट भरणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

सकाळी चहाबरोबर बिस्किटांऐवजी मुगाचं एक धिरडं किंवा दोन अंडी. अकराला ताक, त्यात हवं तर मेतकूट. एक वाजता डबा उघडायचाच, पण तो तुमच्या आजच्या पोटाच्या मापाचा असू दे. तीन पोळ्यांचा डबा बघूनच मळमळत असेल, म्हणून तो वाटला जातो. वाटीभर मोडाच्या मटकीची घट्ट उसळ, अर्धी भाकरी, वाटीभर दही. एवढंच. साडेतीनला, म्हणजे चारच्या आधी, मूठभर फुटाणे किंवा शंभर ग्रॅम पनीरचे तुकडे मीठ-मिरपूड लावून. पनीरच्या शंभर ग्रॅममध्ये अठराएक ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणून मला ते चहापेक्षा फार प्रिय आहे. रात्री पिठलं, किंवा मुगाची डाळ तांदळाच्या दुप्पट घालून केलेली खिचडी. एवढ्यानंही आकडा भरत नसेल तर सोयाबीनच्या वड्या किंवा प्रथिनांची पावडर. पावडरीला नाक मुरडणारे पुण्यात खूप आहेत. मीही उगाच कोणाला देत नाही, पण तुमच्यासारख्या परिस्थितीत ती सोयीची पडते.

तळलेलं आणि तेलकट या काळात बाधतं. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी तर वड्याच्या वासानंही पोटात ढवळतं. रविवारी इंजेक्शन घेत असाल आणि रविवारीच मिसळ असेल, तर इंजेक्शनचा वार डॉक्टरांना विचारून बदलता येतो. मिसळीत मटकी आहे म्हणजे काम झालं, फरसाण आणि वरची तर्री मुलाच्या ताटात सरकवा.

पाणी. अनेकांची भुकेबरोबर तहानही मंदावते, आणि कोरडेपणानं डोकं दुखतं, लक्ष उडतं, बद्धकोष्ठ होतं. टेबलावर बाटली, संपली की भरायची. चहा मोजू नका.

तपासण्या कोणत्या? बी-१२ आधी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते उतरतं, शाकाहारात ते मुळात कमी, आणि तुम्ही तर दहीदूधही जेमतेम घेताय. बी-१२ च्या कमतरतेनं विसरभोळेपणा, उदासी, पायांना मुंग्या असं सगळं होऊ शकतं आणि माणूस त्याचं खापर भलतीकडे फोडतो. बरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड. तुमचं वय ४३ आहे. पाळी मागेपुढे होऊ लागली असेल, रात्री घामानं जाग येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही भेटा. रजोनिवृत्तीच्या आधीची ती वर्षं डोक्यात धुकं आणि मनात चिडचिड आणायला कोणत्याही इंजेक्शनची वाट बघत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, मेंदू बिघडतोय का. जाऊबाईंची शंका वेडगळ नाही, हे आधी सांगते. ही औषधं मेंदूवर काम करतातच; भूक आणि तृप्ती तिथेच ठरते. आणि भूक मारणाऱ्या औषधांचा इतिहास बघितला तर संशय घेणं शहाणपणाचंच आहे. रिमोनाबँट नावाची एक गोळी होती. २००६ मध्ये युरोपात आली, भूक छान कमी करायची. मेंदूतल्या ज्या दाराला ती कडी लावायची, त्याच दारातून भुकेबरोबर आनंदही ये-जा करत होता. लोकांना नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये युरोपात तिची विक्री थांबवली, २००९ मध्ये भारतानं बंदी घातली.

तुमचं औषध त्या कुळातलं नाही. ते आतड्यातून जेवणानंतर सुटणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करतं. त्याच्या भावंडांवर, म्हणजे सेमाग्लुटाईड, लिराग्लुटाईड वगैरेंवर, आत्महत्येच्या विचारांबाबत शंका घेतली गेली तेव्हा युरोपच्या औषध नियामकांनी नोंदी तपासल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं की हाती असलेल्या पुराव्यांत कार्यकारणसंबंध दिसत नाही. उलट्या बाजूनं, या औषधांनी बुद्धी तल्लख राहते, विसराळूपणा टळतो अशाही बातम्या तुम्ही वाचल्या असतील. सेमाग्लुटाईडची गोळी अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांना देऊन बघितली. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला, आजाराचा वेग कमी झाला नाही. म्हणून मी तुमच्या डोक्याच्या बाबतीत इंजेक्शनला तिसऱ्या नंबरचा संशयित धरते. पहिली गोळी, दुसरा डबा.

पण ‘कशातच मन लागत नाही’ हे मी साखरेच्या खात्यावर टाकून मोकळी होणार नाही. त्यात एक वेगळी गोष्टही असू शकते. हे औषध घेणारे बरेच जण सांगतात की डोक्यात दिवसभर चालणारी खाण्याची बडबड थांबली. फ्रीजमध्ये काय उरलंय, चारला काय मागवायचं, सगळं शांत. त्यांना तो सुटकेचा निःश्वास वाटतो. पण आपल्यापैकी कितीतरी जणी वाईट दिवसावर भेळेचा उतारा घेत होतो. साहेब बोलले, घरी येताना भेळ. सासरी काही झालं, रात्री डब्यातली चकली. आता चकली नकोशी झाली, पण साहेब आणि सासर आहेत तिथेच आहेत. तो राग, तो कंटाळा झाकायला काही उरलं नाही म्हणून तो नव्यानं भेटतो. आणि आपलं सगळं भेटणंबोलणं खाण्याभोवती बांधलेलं. खाणं नको म्हटलं की भिशी नको, भिशी नको म्हटलं की मैत्रिणी नाहीत. तेव्हा भिशीला जा, ताटात चमचाभर घ्या, कोणी आग्रह केला तर ‘आज पोटाला बरं नाही’ सांगा. जायचं कारण बटाटेवडा नव्हताच.

एक तपासून बघा. खाणं सोडून जे आवडायचं, ते अजून आवडतं का? गाणं, मुलाशी थट्टा, पावसातली टेकडी? आवडत असेल तर बराचसा प्रश्न ताटात सुटेल. गोळीचा निर्णय झाला, दोन-तीन आठवडे नीट जेवलात, झोपलात, आणि तरीही सगळंच बेचव वाटत राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि इंजेक्शनची तारीख-डोस त्यांना दाखवा. पूर्वी कधी नैराश्याचा त्रास झाला असेल तर तो क्लिनिकला आजच सांगा. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी चाटून गेला, तर दोन-तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगायचं. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

जाऊबाईंच्या कॅप्सूल. मला त्या तरतरीचीच धास्ती वाटते. भूक मारून तरतरी देणाऱ्या औषधांची जुनी वंशावळ आहे. अॅम्फेटामिन त्यातलं मूळ पुरुष. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायला दिलं, नंतर बायकांना बारीक करायला विकलं. भूक कमी होते, झोप पळते, आपण फार हुशार झालो असं वाटतं. त्या वाटण्यातच फसगत आहे: काम भराभर होतं, बरोबर होतंच असं नाही. भूक काही आठवड्यांत परत येते आणि मागे उरतात निद्रानाश, धडधड, संशयीपणा, सवय. त्यानंतरच्या काळात सिब्युट्रामिन आलं, भारतातही भरपूर खपलं. हृदयविकार असलेल्यांत त्यानं झटके आणि पक्षाघात वाढतात हे दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते गेलं, फेब्रुवारी २०११ मध्ये भारतात बंदी आली. ते दुकानातून गेलं, पण बारीक होण्याच्या ‘वनौषधी’ कॅप्सूल, चहा, कॉफी यांत गुपचूप मिसळलेलं जगभर पुन्हा पुन्हा सापडत आलंय.

जाऊबाईंच्या बाटलीत काय आहे ते मला इथे बसून दिसत नाही. पण झोप चार-पाच तासांवर आली, दिवसभर तरतरी, ही लक्षणं त्रिफळ्याची नव्हेत. त्यांना रक्तदाब मोजायला सांगा, आजच. बाटलीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी नसेल किंवा ती कोणा ओळखीच्या बाईकडून व्हॉट्सअॅपवर मागवलेली असेल, तर थांबवायची आणि बाटली घेऊन डॉक्टरांकडे जायचं. संशय खरा वाटला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तुम्ही ती घ्यायची नाही, आणि इंजेक्शनच्या जोडीला तर मुळीच नाही. मोठ्या जावेला हे सांगणं सोपं नाही, मला कल्पना आहे. रक्तदाबाच्या यंत्राला बोलू द्या.

इंजेक्शन बंद करायचं का? मनानं नको. सेमाग्लुटाईड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, असं अभ्यासात दिसलं. तुमच्या बाबतीत वजनाबरोबर साखरही चढेल. पण बंद आणि चालू यांच्या मधे बरंच काही असतं. डोस आहे तिथेच थांबवणं, एक पायरी खाली येणं, ठरावीक वजनावर टिकवणं, हे सगळं डॉक्टर करू शकतात. पुढची पायरी चढवायचा आग्रह क्लिनिकनं धरला, तर आधी साखरेच्या नोंदी आणि तुमचा आठवड्याचा खाण्याचा कागद पुढे ठेवा. पोटात मधोमध असह्य दुखून पाठीकडे कळ गेली, उलट्या थांबेनात, तर पायऱ्यांची चर्चा बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. स्वादुपिंडाची सूज किंवा पित्ताशयातले खडे असू शकतात.

टेकडीचं इतक्यात मनावर घेऊ नका. महिनाभर आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढं करा. अंगात थोडं बळ आलं की म्हातोबा चढायला घ्या, आधी अर्ध्यापर्यंत.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना सांगा. त्या जेवायला वाढतात, तुम्ही बाजूला सारता, दोघी दुखावता, आणि कारण फ्रीजच्या मागच्या कप्प्यात लपवलेलं. शिवाय व्यवहार असा की या घरात उद्या तुमची साखर उतरून तुम्ही भोवंडलात, तर बहुधा त्याच शेजारी असतील, आणि त्यांना काहीच माहीत नसेल. ‘मधुमेहासाठी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय, त्यानं भूक मरते, तुमची उसळ मला हवी आहे पण वाटीभरच’ एवढं पुरे. ज्या बाईला इतकी वर्षं सुनेच्या ताटाची काळजी आहे, तिला घड्याळ लावून मला खायला घाला असं काम दिलंत तर त्या ते तुमच्यापेक्षा चोख करतील.

श्रावण तोंडावर आलाय, म्हणून एक शेवटचं. गोळीचा निर्णय होईपर्यंत सोमवार, शनिवार, संकष्टी, काही नाही. सासूबाई विचारतीलच. साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढून संध्याकाळी सोडायचा उपास आणि ग्लिमेपिराईड हे एका घरात नांदत नाहीत. गोळी बदलल्यावर डॉक्टर हो म्हणाले तर करा, पण दही, दाणे, पनीर, राजगिरा असा घड्याळावरचा करा. देवाला तेवढं चालतं. आणि सोमवारी सकाळी पट्टीचा फोटो, इंजेक्शनच्या पेनाचा फोटो आणि चार वाजताच्या साखरेचे आकडे दोन्ही डॉक्टरांना एकाच वेळी पाठवा. एकमेकांशी ते बोलत नसतील, तर निदान एकच कागद तरी वाचतील.